बॅराक्लफच्या पाईत नक्की काय असतं

हॉल्मरॉइडमध्ये एखाद्याचं कबुतर शर्यतीवरून परत आलं नाही, की त्याचं सांत्वन करायची एक ठरलेली रीत होती. त्याच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायचं, "बॅराक्लफकडे चौकशी केलीस का?" मालकही मग नाक शिंकरून हसायचा आणि शनिवारी बॅराक्लफच्या दुकानातून गरम पोर्क पाई, म्हणजे कणकेच्या वाटीत मांस भरून भाजलेली पाई, घेऊन जायचा. न जाणो, निदान शेवटची भेट तरी व्हायची.

यॉर्कशरच्या त्या चिंचोळ्या खोऱ्यातल्या गिरण्या बंद पडल्या, रेल्वे उठली, चर्चमध्ये गालिच्यांचं दुकान निघालं. पण खाटीक हर्बर्ट बॅराक्लफच्या पाईविषयीचा संशय पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिला. कबुतरं तर त्यात असायचीच. शिवाय गावच्या बँडमधल्या ट्रॉम्बोनवाल्याची कवळी, पोस्टमनच्या सायकलचं सीट आणि राणीच्या राज्यारोहणाच्या जत्रेत सुटलेली एक शेळी, हे सगळं त्या पाईतच गेलं याबद्दल गावात दुमत नव्हतं. प्रत्येक घराण्याची आपली एक हरवलेली वस्तू होती आणि ती बॅराक्लफच्या पाईत गेली असं सांगताना माणसांची छाती फुगायची. शेजारच्या गावांतल्या पाईत काय असतं, तर डुक्कर. त्याचं काय कौतुक?

हर्बर्टने यातलं काहीही कधी कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. आडव्या अंगाचा, मोजकं बोलणारा माणूस. गिऱ्हाइकाने डोळे मिचकावत विचारावं, काय घातलंय आज, हर्बर्ट? हर्बर्टने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघावं, सुरी एप्रनला पुसावी आणि म्हणावं, "तुला कळलं तर तू खाणार नाहीस." मग पाई कागदात गुंडाळून हातात द्यावी. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जायचं.

त्याची एक सवय मात्र गावाच्या संशयाला रोज खतपाणी घालायची. डुकराचं मांस चिरून झालं, डुकराची चरबी गरम पाण्यात विरघळवून मळलेल्या कणकेच्या वाट्या लाकडी ठोकळ्यावर चढवून झाल्या, की तो मागच्या खोलीतून सगळ्यांना बाहेर काढायचा. नोकर बाहेर, जावई क्लिफर्ड बाहेर, पोटची पोरगी थेल्मा बाहेर. आतून कडी लागायची. चहा गार होईल इतक्या वेळाने कडी निघायची आणि परातीत मांस मसाला लावून तयार असायचं. आत काय झालं हे त्याला आणि देवाला ठाऊक, आणि हॉल्मरॉइडचं म्हणणं होतं की देवालाही नक्की ठाऊक नसावं.

या सगळ्याचा आनंद गावाला होता. भोग थेल्माच्या वाट्याला आले होते. शाळेत तिच्या डब्याचा वास घेऊन मुली म्याव म्याव करायच्या. तिच्या वाढदिवसाला आलेल्या पाहुण्यांनी पाई कापून आत आधी काट्याने उकरून बघावं, कवळी सापडते का म्हणून. लग्नाच्या जेवणात तर क्लिफर्डच्या मामाने भाषणच त्यावर केलं, आणि नवरीच्या बापासकट सगळे पोट धरून हसले. थेल्मा पन्नाशीला आली तरी तो हशा तिच्या कानातून गेला नव्हता. एक दिवस हे नाव मी स्वच्छ करून दाखवीन, असं ती मनाशी घोकत आली होती.

तो दिवस हर्बर्टच्या मरणाने आला. फेब्रुवारीत तो हॉस्पिटलात पडला होता, दम संपत आला होता, तेव्हा थेल्मा त्याच्या कानाशी वाकली.

"बाबा, आता तरी सांगा. पाईत काय घालता?"

"खांद्याचं मांस, मीठ, पांढरी मिरी," हर्बर्ट म्हणाला.

"आणि?"

"आणि काही नाही."

ती थांबून राहिली. हर्बर्टने तिच्याकडे मान वळवून नीट पाहिलं. मग समोरच्या ताटलीतल्या कस्टर्डकडे पाहिलं, यात काय घातलंय असं नर्सला विचारलं आणि उत्तर यायच्या आत गेला.

थेल्माला त्याच्या जाण्याचं दुःख झालं, पण त्याहून जास्त राग आला. मुलगा असता तर सांगितलं असतं. मुलीला मीठ आणि मिरी सांगून वाटेला लावलं. जन्मभर कडीबाहेर ठेवलं आणि मरतानाही आत घेतलं नाही. तिने हे क्लिफर्डला सांगितलं. क्लिफर्ड निवृत्त बस ड्रायव्हर, बायकोच्या रागाला बाजूने वाट देण्यात तरबेज. तो म्हणाला, "म्हातारा पक्का होता." यातून काय घ्यायचं ते तिने घ्यावं.

दुसरं काही माहीत नसल्यामुळे थेल्मा खांद्याचं मांस, मीठ आणि पांढरी मिरी एवढ्यावरच पाई करू लागली. वर झाकण, झाकणाला भोक, भाजून गार झाली की त्या भोकातून खुरांचा आटवलेला रस ओतायचा, म्हणजे आत थलथलीत जेली जमते. गावाने खाल्ल्या. चव तीच आहे, म्हातारा पोरीला सांगून गेला म्हणायचा, असं सगळे म्हणाले. हे ऐकून थेल्माचा राग आणखी वाढला.

तो काळ गाईंना वेड लागण्याचा आणि त्यांचं मांस खाऊन माणसालाही तो रोग होईल या भीतीचा होता. रोज पेपरात सॉसेजमध्ये काय असतं, बर्गरमध्ये काय असतं याच्या बातम्या, आणि टीव्हीवर मंत्री आपल्या लेकराला बर्गर भरवतायत. थेल्माला वाटलं, हीच वेळ आहे. सगळा देश विचारतोय आत काय आहे, आपण दाखवू. ईस्टरच्या सुमाराला तिने दुकान आणि मागची खोली यांमधली भिंत फोडली. कडीचं दार उखडून अंगणात टाकलं, आत जायला बिनकडीचं साधं दार ठेवलं आणि भिंतीच्या जागी हातभर नव्हे, पुरुषभर उंचीची काच बसवली. आत पांढऱ्या फरश्या लावल्या. क्लिफर्डचा हिशेब चुकल्यामुळे भट्टीमागच्या कोपऱ्याला त्या पुरल्या नाहीत, पण तो कोपरा काचेतून दिसत नव्हता, म्हणून राहू दिला.

पहिल्या दिवशी अर्धं गाव काचेला नाक लावून उभं होतं. थेल्माने पांढरी टोपी घातली. खांद्याचं मांस उचलून सगळ्यांना दाखवलं, चिरलं. मिठाचं भांडं दाखवलं. मिरीचा डबा दाखवला. सगळं परातीत घालून कोपरापर्यंत हात बुडवून कालवलं आणि मान वर केली. तिला वाटलं होतं, टाळ्या वाजतील.

पुढे उभी होती मिसेस लम्ब. तिच्या सासूचा हातमोजा त्या पाईत गेला असं तिच्या घरी परंपरेने मानत.

"एवढंच?" मिसेस लम्बने विचारलं.

"एवढंच," थेल्मा अभिमानाने म्हणाली.

"नाही, ते कळलं गं. पण बाकीचं कधी घालणार?"

बाकीचं काही नाही, हे थेल्माने तिला तीनदा समजावलं. गर्दी थोडा वेळ आशेने थांबली, मग पांगली. जाताना सगळ्यांचे चेहरे असे पडले होते, जणू गावजेवणाला बोलावून कुणी नुसतं पाणी पाजून पाठवलं.

त्या शनिवारपासून बॅराक्लफच्या पाईची चव गेली. मांस तेच, मीठ तेच, हात तोच. पण गावाने घास तोंडात घोळवला, एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. पूर्वी कसं जिभेला काहीतरी लागायचं. काय लागायचं ते कुणाला सांगता येत नव्हतं, पण ते आता लागत नव्हतं. थेल्माने गिऱ्हाइकांना हाताला धरून काचेपाशी नेलं, तर ती आत बघून आणखीनच खचायची.

खरा घाव 'ब्लॅक रॅम'मध्ये बसला. या पबच्या मागच्या खोलीत दर शनिवारी पाईची मंडळी बसायची. टेबलावर पाई ठेवायची, कापायची, बीअरच्या घोटाबरोबर गंभीरपणे चावायची आणि दहापैकी गुण देऊन ते खडूने पाटीवर मांडायचे. देशाच्या पार्लमेंटात माणसं एवढा विचार करत नसतील. वर्षअखेरीला जी पाई वर, तिचीच नाताळच्या न्याहारीला सगळ्या गावाची मागणी, आणि नाताळची मागणी म्हणजे खाटकाचं वर्षभराचं पोट. इतकी वर्षं पहिला नंबर बॅराक्लफचा होता. मंडळींचे अध्यक्ष नॉर्मन स्टॅन्सफील्ड गिरणीतले जुने मुकादम, हर्बर्टचे दोस्त आणि खोऱ्यातले नावाजलेले कबुतरवाले. त्यांनी काच बसल्यावरची पहिली पाई खाल्ली, मिशा पुसल्या आणि साडेपाच गुण दिले. कारण विचारलं तर म्हणाले, "मांसाची चव येते. नुसतीच मांसाची."

मे गेला, जून गेला, साडेपाचाचे पाच झाले. गाव बसमध्ये बसून पलीकडच्या गावात ग्रीनवुडकडे जाऊ लागलं. ग्रीनवुडची पाई पूर्वी कुणी कुत्र्याला घालत नसे. पण त्याच्या दुकानाच्या पाठीला लागून जनावरांचा दवाखाना होता, आणि मिसेस लम्बचं म्हणणं होतं की तिथे निदान आशेला जागा आहे.

थेल्माच्या दुकानात फरश्या चकाकत होत्या आणि माशाही येत नव्हत्या. नाताळ ग्रीनवुडकडे गेला तर जानेवारीत कुलूप लावायचं, हे तिला आणि क्लिफर्डला न बोलता कळलं होतं. ती काचेआड उभी राहून रडायची, तर रस्त्यावरून जाणारे थांबून तेही बघायचे. ज्या लोकांनी पाईत नसलेल्या गोष्टींवरून जन्मभर तिला हसून घेतलं, तेच आता त्या गोष्टी नाहीत म्हणून रुसून बसले होते. या माणसांचं करायचं तरी काय, हे तिला कळेना.

सप्टेंबरच्या शेवटच्या शर्यतीत स्टॅन्सफील्डांची डचेस परत आली नाही. डचेस म्हणजे त्यांची लाडकी मादी, निळसर, गळ्याशी पांढरा ठिपका. समुद्रापलीकडून घरी येणारं पाखरू. बायको गेली तेव्हा स्टॅन्सफील्ड दोन दिवसांत कामावर गेले होते. डचेससाठी महिनाभर छपरावर नजर लावून बसले. कुणी त्यांच्या पाठीवर थाप मारून बॅराक्लफकडे चौकशी करायला सांगितलं नाही. आता ते सांगण्यात काही अर्थ उरला नव्हता, आणि त्याचंच सगळ्यांना वाईट वाटत होतं.

नोव्हेंबरातल्या एका गारठलेल्या दुपारी ते दुकानात आले. थेल्मा जेलीसाठी खुरं उकळत होती आणि वाफेने काच आतून पांढरीफट्ट झाली होती. आतलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. स्टॅन्सफील्ड बराच वेळ त्या धुरकट काचेकडे बघत राहिले.

"डचेस अजून आली नाही, पोरी," ते म्हणाले.

थेल्माला वाईट वाटलं. तसं ती म्हणालीही.

"आत काय शिजतंय?"

खुरं, असं थेल्मा सांगणारच होती. ईस्टरपासून ती सगळ्यांना सगळं खरं सांगत आली होती. पण तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात आरोप नव्हता. एका म्हाताऱ्या माणसाला आपलं पाखरू कुठेतरी पोचलं, एवढं हवं होतं. आणि तिच्याही नकळत तिचे डोळे जरा जास्तच वेळ त्यांच्यावर राहिले, हात सुरीकडे गेला आणि सुरी एप्रनला पुसली गेली.

"तुम्हाला कळलं तर तुम्ही खाणार नाही, मिस्टर स्टॅन्सफील्ड."

स्टॅन्सफील्डांचा रंग उडाला. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढून छातीशी धरली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "एक दे." दारापर्यंत जाऊन ते परत आले आणि आणखी एक घेऊन गेले.

त्या शनिवारी 'ब्लॅक रॅम'मध्ये त्यांनी डोळे मिटून पाई खाल्ली. गालावरून पाणी ओघळलं ते त्यांनी पुसलं नाही. ही ती चव, असं म्हणून त्यांनी स्वतः उठून पाटीवर साडेनऊ लिहिले. अर्धा गुण का कापला असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाले, तिचं वय झालं होतं.

सोमवारी थेल्माने क्लिफर्डला अंगणातून जुनं दार आणायला लावलं. बागेतल्या खोपटाला लावून उरलेला हिरवा रंग काचेला आतून फासला आणि कडी पुन्हा बसवली. मांस चिरून झाल्यावर तिने क्लिफर्डला बाहेर काढलं. तो निमूट गेला, पण जाताना त्याच्या डोळ्यांत एक चमक होती.

थेल्माने कडी लावली. मीठ घातलं, मिरी घातली, कालवलं. झालं. लगेच दार उघडणं बरं दिसलं नसतं, म्हणून ती भट्टीमागच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली. भट्टीची ऊब पाठीला लागली. तिने डोकं मागे टेकलं, तर ते भिंतीच्या एका गुळगुळीत, काळसर खळग्यात नेमकं बसलं. फरश्या न पुरलेल्या त्या कोपऱ्यात हर्बर्टच्या डोक्याने इतक्या वर्षांत ती जागा झिजवली होती. हात सहज शेजारच्या फळीवर गेला तिथे त्याचा मग होता, तळाशी चहा वाळलेला, आणि पेपरमिंटचा डबा. चहा गार होईल इतका वेळ तो काय करायचा, तर चहा प्यायचा.

थेल्मा हसायला लागली आणि मग तिला रडू आवरेना. बापाची इतकी आठवण तिला त्याला पुरतानाही आली नव्हती. सगळ्या गावाला जन्मभर झुलवलं त्याने, आणि खरं सांगितलं ते तिला एकटीला. तिने त्यावर "आणि?" असं विचारलं होतं. बाहेर मिसेस लम्बने क्लिफर्डला विचारलं की आत कसला आवाज येतोय. क्लिफर्डने गंभीर चेहऱ्याने मान खाली घातली. त्या दिवशी दुपारच्या आत दुकान रिकामं झालं.

नाताळच्या आदल्या पहाटे, उजाडायच्या आधीच, बॅराक्लफच्या दारापासून पार पुलापर्यंत रांग लागली. लोक गळपट्टे गुंडाळून, टोपल्या घेऊन, नाक लाल करून उभे होते. ग्रीनवुडकडे कुणी फिरकलंही नव्हतं. त्यानेही म्हणे आपल्या मागच्या खोलीला काच बसवली होती. थेल्मा दारात उभी राहून पाई वाटत होती. रांगेत सर्वांत पुढे अध्यक्ष या नात्याने स्टॅन्सफील्ड. तेवढ्यात वरून पंख फडफडले आणि दुकानाच्या पाटीवर एक कबुतर येऊन बसलं. निळसर, रोडावलेलं, गळ्याशी पांढरा ठिपका.

थेल्माच्या हातातली पाई तशीच राहिली. संपलं, तिच्या मनात आलं. आता सगळ्यांना कळणार की आत डुकराशिवाय काही नाही.

"नॉर्मन," मिसेस लम्ब म्हणाली, "ही तुमची डचेस ना?"

स्टॅन्सफील्ड वर बघत राहिले. कबुतराने त्यांना ओळखलं, पाटीवरून खाली झेप घेतली आणि ते त्यांच्या खांद्यावर बसून त्यांचा कान चोचीने हळूच टोचू लागलं.

"हे पाखरू मी जन्मात पाहिलेलं नाही," स्टॅन्सफील्ड म्हणाले.

कबुतर त्यांच्या टोपीवर चढलं. स्टॅन्सफील्डांनी त्याला अलगद दोन्ही हातांत घेतलं, छातीशी धरलं आणि कोटाच्या आत सरकवून वरून बटण लावलं. कुणाचं का असेना, गारठलंय बिचारं, असं काहीसं ते पुटपुटले आणि दुसऱ्या हाताने पाई मागून घेतली. रांगेतल्या सगळ्या माणसांनी एकदम आकाशाकडे पाहिलं आणि बर्फ पडेल की पाऊस, यावर चर्चा सुरू केली. कोटातून घूं घूं आवाज येत होता तो कुणालाही ऐकू आला नाही.

फक्त मिसेस लम्बच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उजळत गेलं. तिने मागच्या बाईला कोपर मारलं. पाईत डचेस नव्हती, मग त्या शनिवारी नॉर्मनने खाल्लं ते काय होतं? हा प्रश्न कानोकानी रांगेतून पुलापर्यंत गेला आणि पोचेपर्यंत सगळ्यांच्या अंगावर सुखाचा काटा उभा राहिला. एकेक पाई घ्यायला आलेल्यांनी दोन-दोन नेल्या.

नाताळच्या सकाळी क्लिफर्ड आणि थेल्मा न्याहारीला बसले. मधे पाई, किटलीत चहा, बाहेर ना बर्फ ना पाऊस. क्लिफर्डने पहिला तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला आणि काटा खाली ठेवला.

"थेल्मा, आता घरात आपण दोघंच आहोत. खरं सांग, यात काय घालतेस?"

"अहो, तुम्ही इतके महिने काचेतून बघितलंत की."

"ते दाखवायचं झालं. मी विचारतोय ते तू कडी लावल्यावरचं."

थेल्माने त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, याच्याशी खोटं बोलायची तिची इच्छा नव्हती.

"खांद्याचं मांस, मीठ, पांढरी मिरी."

"आणि?"

"आणि काही नाही."

क्लिफर्डने ताटली थोडी दूर सारली, खिडकीकडे पाहिलं आणि चहात साखर नसतानाही चमचा फिरवत बसला. त्याच्या वाकलेल्या मानेत थेल्माला हॉस्पिटलातली ती स्वतः दिसली. पुढ्यात खरं ठेवलेलं असताना, आपल्याला परकं केलं म्हणून रुसलेली.

तिला त्याची दया आली. तिने सुरी उचलली, त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि सुरी एप्रनला पुसली.

"तुम्हाला कळलं तर तुम्ही खाणार नाही," ती म्हणाली.

क्लिफर्डचा चेहरा खुलला आणि त्याने ताटली पुढे केली.